हिरव्याचा प्रश्न

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. घरात नाही, कॉलेजात नाही, माझं पुस्तक वाचून ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापाशी तर नाहीच. आता लिहायला बसलो, तर आधी उठून दार लावून आलो. घरात मी एकटा असतो. कोण येणार होतं? पण सवय. गेली नऊ वर्षं मी असाच आहे. कोणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की वाटतं — याला माहीत आहे.

तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर तेही चालेल. जालन्यात भौतिकशास्त्र शिकवून त्यावर मराठीत पुस्तक लिहिणारे असे किती असणार?

त्या पुस्तकापासूनच सुरुवात करावी लागेल. मी ज्युनिअर कॉलेजात जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. शिकवताना एक गोष्ट कायम टोचायची. शंभरेक वर्षांपूर्वी भौतिकशास्त्र मुळापासून उलथंपालथं झालं. अणू, प्रकाश, काळ, सगळ्यांबद्दलचे जुने समज मोडले. आणि आमच्या मुलांना त्यातलं काय मिळतं? एक सूत्र आणि तीन गुणांचं उदाहरण. ती माणसं कशी अडली, कशी चुकली, कशाला घाबरली, यातलं काहीच नाही. मला ते सांगायचं होतं. दुकानात बसलेल्या, शिक्षण सुटलेल्या माणसालाही कळेल असं. हेतू चांगला होता. हेतूबद्दल अजूनही मला शंका नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

एका वर्षी बारावीची मुलं घेऊन एमआयडीसीतली एक रोलिंग मिल पाहायला गेलो होतो. तिथं भट्टीपाशी रामकिसन होता. त्याचं काम सांगायला सोपं. भट्टीच्या भिंतीत एक लहानसं भोक असतं. निळी काच धरून त्याला डोळा लावायचा, आत तापणाऱ्या पोलादाच्या ठोकळ्यांचा रंग पाहायचा आणि सांगायचं, आता काढा. लवकर काढला तर ठोकळा लाटताना रोलमध्ये फाटतो. उशीर झाला तर वरचं पोलाद खपल्या होऊन जळून जातं. तापमान दाखवणारं यंत्र होतं तिथं. मालक यंत्राकडे पाहायचे, कामगार रामकिसनकडे.

त्या भेटीवर मी एका स्थानिक दैनिकात लेख लिहिला. पुढच्याच रविवारी तो पत्ता विचारत घरी आला. हातात कात्रण.

"सर, तुम्ही लिवलं की लोखंड तापून पांढरं होतं अन् मंग पिवळं. उलटं हाय. पिवळं आधी."

"छापताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

छापताना झाली नव्हती. ती माझी होती. पण बघा — तो दारात उभा होता, चपलाही काढल्या नव्हत्या, आणि मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो तेच खोटं.

तरी तो येत राहिला. मीच म्हटलं होतं, रविवारी येत जा. त्या वेळी पुस्तकाचं काम सुरू झालं होतं आणि मला असा एक ऐकणारा हवा होता, जो विज्ञान शिकलेला नाही पण फसत नाही. तो आठवीपर्यंत शिकलेला. मूळ गाव राजूरच्या जवळ. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी तो मला अहो-जाहो करायचा आणि मी त्याला अरे म्हणायचो. हेही सांगून टाकतो, कारण सांगायचं ठरवलंच आहे.

आमची एक पद्धत ठरली. पहिली पाळी संपवून, आंघोळ करून तो दुपारी यायचा आणि शहाबादी फरशीवर बसायचा. खुर्चीवर बस म्हणून मी एकदाच म्हणालो, दुसऱ्यांदा नाही. मी प्रकरण वाचायचो. त्याच्या खिशात मिलमधल्या खडूचा तुकडा असायचा — बिघडलेल्या ठोकळ्यावर ते खूण करतात, तो. वाचताना जिथं त्याचा धागा तुटेल तिथं तो मला अडवायचा नाही; फरशीवर एक रेघ ओढायचा. वाचन संपलं की एकेका रेघेवर बोट ठेवायचो, ही कुठली? त्याला प्रत्येक रेघ कुठल्या वाक्याची ते आठवायचं. मग मी ते प्रकरण पुन्हा लिहायचो, पुन्हा वाचायचो. फरशी कोरी राहिली की प्रकरण झालं.

सुधा, माझी पत्नी, चहा घेऊन रेघा ओलांडत यायची.

"भाऊ, आज लईच रेघा! सरांना नापास केलं का काय?"

"न्हाई वहिनी, पण आज सर जरा हवेत होते."

आम्ही तिघंही हसायचो. मीही. खरंच हसायचो — की तेव्हाच आत कुठं काही चावत होतं? आता सांगता येत नाही. आता मला त्या हसण्याचाही भरवसा वाटत नाही.

मग भट्टीचं प्रकरण आलं.

ते तुम्हाला थोडक्यात सांगायला हवं. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. वस्तू तापली की उजळते हे माणसाला चूल पेटवायला लागल्यापासून माहीत होतं. जर्मनीत काही जणांनी ते बारकाईनं मोजलं, किती तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश टाकते. मापं हाती आली. पण मापं अशीच का, ते कोणाला सांगता येईना. त्या काळचे नियम लावून गणित केलं तर भलतंच उत्तर निघायचं: कुठलीही तापलेली वस्तू जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश बेसुमार ओतत राहील. तसं असतं तर चुलीपुढं बसलेली बाई केव्हाच संपली असती. ती तर भाकरी थापत होती. म्हणजे चूक चुलीत नव्हती, नियमांत होती.

बर्लिनमधल्या एका प्राध्यापकानं नाइलाजानं एक गोष्ट गृहीत धरली. ऊर्जा धारेसारखी सलग दिली-घेतली जात नाही. किराण्याच्या दुकानासारखी बांधलेल्या पुड्यांनी जाते. लाल प्रकाशाची पुडी लहान, जांभळ्याची मोठी, त्याच्या पलीकडची त्याहून मोठी. एवढ्या मोठ्या पुड्या बांधायला चुलीजवळ माल पुरत नाही, म्हणून ती तो प्रकाश ओतत नाही. हे धरलं आणि गणित मापांशी तंतोतंत जुळलं. आजच्या भौतिकशास्त्राचं दार तिथं उघडलं. पण ज्यानं उघडलं त्याचाच त्यावर विश्वास नव्हता. ती पुडी काढून टाकता येईल का, जुन्या नियमांत परत बसवता येईल का, हे तो पुढं कितीतरी वर्षं तपासत राहिला.

हा माणूस मला फार आवडायचा. वर्गात त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज बदलायचा, असं मुलं सांगत. स्वतःच्या हाती आलेल्या गोष्टीवर संशय घेणारा माणूस! मीही संशय घेणाराच निघालो. फक्त माझा संशय दुसऱ्यांवर होता.

ते प्रकरण मी चार रविवार वाचलं. चौथ्या रविवारी एकच रेघ उरली.

"ही कुठली?"

"ही तुमच्या वाचण्यातली न्हाई, सर. पुड्या समजल्या. बराबर समजल्या. ही माझीच हाय. लोखंड आधी लाल होतं. मंग नारंगी, मंग पिवळं. इंद्रधनुष्यात पिवळ्याच्या पुढं हिरवा असतो. मंग भट्टीत हिरवा कुठं जातो? पिवळ्यातून एकदम पांढऱ्यात कामून उडी मारतं?"

मी म्हणालो, "तू निळ्या काचेतून पाहतोस ना, म्हणून दिसत नसेल."

"काच काढून बी पाह्यलं. बावीस वर्षं पाहून राह्यलो. तांब्याची तार जाळली तर ज्वाळा हिरवी होती, ते म्हाईत हाय मला. पण ते तांब्याचं. लोखंड बिलकुल होत न्हाई."

मला उत्तर माहीत नव्हतं.

त्यात काय, असं तुम्ही म्हणाल. माहीत नव्हतं तर शोधायचं. बरोबर आहे. मीही मुलांना तेच सांगायचो. पण त्या दुपारी, त्या फरशीवर, माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट 'किती सुरेख प्रश्न' ही नव्हती. पहिली गोष्ट ही होती — याला हे कोणी शिकवून पाठवलं?

मी तसं विचारलंही. "हे तुला कोणी सांगितलं?"

त्याला ते कौतुक वाटलं. तो लाजून हसला. "कोण सांगणार, सर? भोकाला डोळा लावला की दुसरं काय काम असतं?"

माझा विश्वास बसला नाही. कॉलेजात माझे एक सहकारी होते. मी पुस्तक लिहितो हे त्यांना खुपत होतं, असं मला वाटायचं. त्यांचा कोणी नातेवाईक त्याच मिलमध्ये होता का? मी चौकशी केली. नव्हता. मग वाटलं, मालकाचा मुलगा इंजिनिअर आहे, त्यानं सांगितलं असेल. असेल, नसेल — काहीही असेल, पण आठवी शिकलेला माणूस हे स्वतः पाहील, तपासेल, तांब्याचा अपवाद आपणहून बाजूला काढेल, हे मात्र असणार नाही. असं मला वाटलं. सामान्य माणसासाठी विज्ञान लिहायला निघालेल्या मला.

उत्तर सापडायला तीन आठवडे गेले. उत्तर सुंदर आहे. हिरवा येतो, पण कधी एकटा येत नाही. तापणारी वस्तू एक रंग सोडून दुसरा धरते असं नसतं. आधीचे रंग राहतात, वाढतात, आणि त्यांत नव्यांची भर पडते. हिरव्याचा जोर होईपर्यंत लाल आणि पिवळा भरपूर झालेले असतात, मागून निळाही येऊन पोचतो, आणि सगळे मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. सूर्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण सूर्य हिरवा कोणी पाहिला आहे?

हे मी त्याला सांगितलं. तीन आठवडे तशीच ठेवलेली ती रेघ त्यानं बोट ओलं करून स्वतःच पुसली.

"म्हणजे हाय. पण गर्दीत हाय."

पुस्तकात त्या प्रकरणाचं नाव 'गर्दीतला हिरवा' आहे. पहिलं वाक्य असं आहे: 'एका दुपारी भट्टीसमोर उभा असताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला.'

माझ्या मनात.

पहिल्या खर्ड्यात त्याचं नाव होतं. मी खोडलं. खोडताना जी कारणं मनाशी मांडली ती सांगतो. ती कारणं नव्हती, एवढं ध्यानात ठेवून वाचा. वाटलं, लोक म्हणतील, भट्टीवरचा माणूस असं विचारतो होय? सरांनी रचलं असेल. वाटलं, लोक विचारतील, मग तुम्हाला इतकी वर्षं हा प्रश्न का पडला नाही? आणि सर्वांत जास्त हे, की प्रश्न त्याचा नाहीच, कुठूनतरी ऐकलेला आहे, मग तो कोणाचाच नाही. हे सिद्ध करायला मी इंग्रजी पुस्तकं धुंडाळली. एका जाड पुस्तकाच्या कोपऱ्यात जवळपास तोच प्रश्न सापडला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! हे बघ, मी स्वतःला म्हणालो, जुनाच प्रश्न आहे. रामकिसनला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मी ते पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

शेवटी ऋणनिर्देशाचं पान आहे. त्यात अक्षरजुळणी करणाऱ्याचंही नाव आहे.

पुस्तक चाललं. आमच्यासारख्याच्या पुस्तकानं चालावं त्याहून पुष्कळ जास्त चाललं. गावोगावहून बोलावणी आली. व्याख्यानाची सुरुवात मी कायम त्याच प्रश्नानं करायचो — सांगा, तापलेलं लोखंड हिरवं का होत नाही? — आणि सभागृह गप्प व्हायचं. ती गप्प झालेली माणसं पाहताना मला काय वाटायचं, ते लिहिण्याची लाज वाटते. बरं वाटायचं.

रामकिसननं पुस्तक विकत घेतलं. मी द्यायला हवं होतं. राजूरच्या गणपतीचे पेढे घेऊन तो आला, चपला काढता काढताच ओरडला, "सर! आपला हिरवा आला की पुस्तकात!"

आपला.

त्या एका शब्दावर मी किती रात्री घालवल्या. आपला म्हणजे काय? आपल्या दोघांचा? की 'माझा' म्हणायचं होतं आणि सभ्यपणानं आपला म्हणाला? टोमणा होता? इशारा होता? चेहरा आठवून पाहायचो. चेहरा हसरा होता, पेढ्याचा पुडा पुढं केलेला होता. पण हसऱ्या चेहऱ्याचा काय भरवसा, असं मला वाटायचं. त्याचा फोन आला की वाटायचं, आता बोलणार. सणाला शुभेच्छांचं चित्र आलं की वाटायचं, आठवण करून देतो आहे. तो कधीच काही बोलला नाही, आणि हे तर सगळ्यांत संशयास्पद वाटलं. काही नको असलेला माणूस गप्प कशाला राहील? उलट्या डोक्याचं हे गणित मी वर्षानुवर्षं करत होतो, आणि दर वेळी ते जुळायचं.

रविवार मी बंद केले. पुस्तक संपलं आता, म्हणालो.

सुधानं एकदाच विचारलं, "भाऊ हल्ली येत नाहीत?"

"पुस्तक संपलं."

"पुस्तक संपलं," ती म्हणाली. माझेच शब्द, तशाच आवाजात. आणि फरशी पुसायला वळली. तिनं पुस्तक वाचलं होतं. ती रेघ ओढली गेली तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एवढं मला माहीत आहे. पुढं ती त्यावर एक अक्षर बोलली नाही आणि मीही नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. छत्तीस वर्षांचा संसार. मी मोडून गेलो, ते खरंच आहे. पण त्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आलाच नाही असं मला म्हणता येत नाही — आता माहीत असणारं एक माणूस कमी झालं. स्वतःच्या बायकोच्या मरणात मी हेही मोजलं.

आता एका व्याख्यानाचं सांगतो. जुन्या जालन्यातल्या एका सभागृहात माझं व्याख्यान होतं. रामकिसन शेवटच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि त्याचा हात वर गेला. माझी त्याची नजरानजर झाली. झाली, नक्की झाली. इथं, या लोकांसमोर? मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, वेळ संपला. संपला नव्हता. आयोजकच चकित झाले. मी मागच्या दारानं निघून गेलो.

या उन्हाळ्यात रामकिसन वारला. छातीचं दुखणं होतं, दोन वर्षं होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. मला माहीत असण्याची सोय मीच ठेवली नव्हती. तेरवीला त्याच्या गावी गेलो. का गेलो? दुःख होतं, नाही कसं. सुधा गेल्यावर दारात येऊन न बोलता तासभर बसून राहिलेला तो एकटाच होता. पण गेलो ते एवढ्यासाठीच का? तिथं काय बोललं जातंय, हेही मला पाहायचं होतं.

मांडवात त्याचा हार घातलेला फोटो होता. फोटोला टेकवून माझं पुस्तक ठेवलेलं. मला पाहताच दोन-तीन माणसं उठली, जागा करून दिली. पुस्तक तिथं का ठेवलं असेल, कोणी ठेवलं असेल, हे मी जेवणावर बसेपर्यंत शोधत होतो. त्याचा मेहुणा माझ्या शेजारी बसला होता. बोलका माणूस.

"दाजी लई फेकायचे, सर. म्हणायचे, सरांचं अख्खं पुस्तक माझ्या एका प्रश्नावर उभं हाय! आम्ही त्यांला हिरवे दाजीच म्हणायचो. लग्नात, बारशात, कुठं बी आले की पोरं ओरडायची, हिरवे दाजी आले!"

"मंग दाजी काय म्हणायचे?" पलीकडून कोणीतरी.

"काय म्हणत्यात? हसायचे. म्हणायचे, इचारा सरांला. मी म्हणायचो, लावा फोन! तर म्हणायचे, राहू द्या, सरांला कामून तरास."

तेवढ्यात त्याची मुलगी वाढायला आली. अश्विनी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, भौतिकशास्त्र घेऊन. तिनं भांडं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. दुसऱ्या हातात फोन होता. मला तो फोन तेवढा दिसला.

"सर, एक विचारू? पप्पा म्हणायचे, तो हिरव्याचा प्रश्न त्यांनी विचारला होता. तुमच्या घरी. खरंय का?"

आजूबाजूचे जेवायचे थांबले. ती माझ्याकडे पाहत होती. आज ते डोळे मी नीट वाचू शकतो. त्यांत फक्त आशा होती. बापाला हसणाऱ्या सगळ्या माणसांत बसून ती एका शब्दाची वाट पाहत होती. हो. एवढाच शब्द. पण त्या वेळी मला दिसला तो फोन. हिनं रेकॉर्डिंग लावलं आहे, माझ्या मनात आलं. हिला कोणीतरी पढवून बसवलं आहे. पुस्तक फोटोपाशी त्याचसाठी ठेवलं आहे.

मी म्हणालो, "नाही बेटा. तो प्रश्न फार जुना आहे. इंग्रजी पुस्तकांत असतो. तुझे पप्पा हुशार होते, पण तो त्यांचा नव्हता."

पाहा, यातलं बरंचसं खरं आहे. खोटं बोलायचं असलं की मी खऱ्या वाक्यांनी बोलतो. शिकलेल्या माणसाला ते जमतं.

मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. "बघ! म्हणलं न्हवतं?" दोघं-तिघं हसले — वाईट हेतूनं नाही, गेलेल्या माणसाच्या खोडी आठवून हसतात तसे. अश्विनीही थोडं हसली.

"मलाबी वाटायचंच," ती म्हणाली. "पप्पांना बोलायची सवय होती. तुम्ही मनावर घेऊ नका, सर. त्यांच्यातर्फे मी माफी मागते."

तिनं माफी मागितली. माझी. मी मान हलवली. ती मी स्वीकारली.

निघताना तिनं फोटोपाशी ठेवलेलं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुमच्याकडं असू द्या. शेवटच्या पानावर त्यांनी काहीतरी लिहिलंय. तुमच्या व्याख्यानाला आल्ते, हात वर केल्ता, पण तुम्हाला दिसले न्हाईत. मंग घरी येऊन लिहून ठेवलं. मी फोटो काढून ठेवलाय, तोच दाखवणार होते." फोन त्यासाठी हातात होता.

घरी येऊन मी ते पुस्तक उघडलं. शेवटचं पान नाही — आधी 'गर्दीतला हिरवा' उघडलं. समासात काही लिहिलंय का पाहिलं. पहिल्या वाक्याखाली रेघ आहे का पाहिलं. नव्हती. मग एकेक पान उलटलं, काही पानं खिडकीपाशी धरून पाहिली, खोडलेलं काही उमटलंय का म्हणून. माणूस मरून तेरा दिवस झाले होते आणि मी त्याच्या पुस्तकात पुरावा शोधत होतो. कुठंच काही नव्हतं. त्यानं माझ्यावर कधी कसला आरोप केला नव्हता. मनातही केला होता असं दिसत नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर मोठ्या, वळणदार नसलेल्या अक्षरांत हे होतं:

'भट्टी बंद झाल्यावर लोखंड काळं दिसतं. पण हात जवळ नेला तर न टेकवता पण ऊब लागते. म्हणजे उजेड बंद झाला का आपल्याला दिसायचा बंद झाला? मंग साधं थंड लोखंड पण काही सोडत असंल का? अन् माणूस? रविवारी सरांना इचारणे.'

हा तो वर केलेला हात होता.

उत्तर मला माहीत आहे. या वेळी शोधावं लागलं नसतं. हो, सोडतं. प्रत्येक वस्तू, कितीही थंड असो, सतत काहीतरी सोडत असते; फक्त आपल्या डोळ्याला दिसेल असं नसतं. माणूसही सोडतो, अंधारातही. पाच मिनिटांत सांगता आलं असतं, आणि फरशीवर एकही रेघ पडली नसती.

आता एवढं लिहून झाल्यावर मला याही लिखाणाचा संशय येतो. हे वाचून पाहिलं तर बरं जमलंय असं वाटतं. म्हणजे पुन्हा रामकिसनचाच प्रश्न घेऊन मी एक चांगलं प्रकरण लिहिलं का? तुम्हीही तो संशय जरूर घ्या. म्हणून जे सजवता येत नाही तेवढंच शेवटी लिहितो. माझ्या पुस्तकातल्या त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य खोटं आहे. त्या जागी असं वाचावं: 'एका रविवारी, माझ्या घरी फरशीवर बसून, भट्टीवर काम करणाऱ्या रामकिसननं मला विचारलं.' प्रकरणाचं नावही त्याचं आहे. त्याच्या मुलीनं मला चारचौघांत विचारलं आणि मी नाही म्हणालो.

प्रकाशकांना ही दुरुस्ती पाठवली आहे. पुढच्या आवृत्तीत येईल. अश्विनीला मात्र ती छापलेल्या कागदावरून कळता कामा नये, आणि एकटीला कळूनही उपयोग नाही. ते मेहुणे, ती हसलेली माणसं बसलेली असताना, त्याच अंगणात माझ्या तोंडून यायला हवं. मला हे नीट कळतं. स्टँड माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि राजूरकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन आलो.

अजून गाडीत बसलेलो नाही.